दुभाष्याला काही सांगायचे आहे

टायरच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आश्रय कचेरीचे बोलावणे का येते, हा प्रश्न दुकानात सगळ्यांनी एकदा विचारून झाला होता आणि उत्तर मिळाल्यावर सगळे तो विसरूनही गेले होते. उत्तर साधे होते. हिशेबनीस ज्या डोंगराकडून आले होते तिथली बोली या शहरात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. तिकडून कोणी जीव मुठीत धरून आला, त्याने इथे आश्रय मागितला आणि त्याची सुनावणी लागली, की दुकानातला फोन वाजायचा. गोदामवाला तो उचलायचा आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचा, "काका, सासरचं बोलावणं."

हिशेबनीस मग पेनाला टोपण लावत, टेबलावरचे कागद कडेला कडा जुळवून रचत आणि कोट चढवत. कोट चढवताना डाव्या खांद्यातून कळ निघायची. बायको गेली त्या थंडीपासून तो खांदा धरला होता आणि हात कानाच्या वर जात नव्हता. आधी दुखरा हात बाहीत सारायचा, मग चांगला, अशी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती. गोदामवाला कधी मागून कोट धरायला यायचा. "राहू दे," ते म्हणायचे.

घरी ती बोली बोलायला आता कोणी उरले नव्हते. बायको होती तोवर घरात डोंगरच नांदत होता. ती भांडायची त्या बोलीत, भाजी निवडताना पुटपुटायची त्या बोलीत, झोपेत बरळायचीही त्याच बोलीत. मुलगी इथे जन्मली, इथल्या भाषेत वाढली आणि लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. तिला बोली कळायची, पण उत्तर इथल्या भाषेत यायचे. नातवाला तर बोलीतला एकच शब्द येत होता आणि तोही शिवीचा. आजीने जाता जाता तेवढी इस्टेट त्याच्या नावावर करून ठेवली होती.

म्हणजे बोली कानावर पडायची ती फक्त सुनावणीच्या खोलीत. तिथे ती बोलायलाही मिळायची, पण स्वतःचे काही बोलायचे नाही. दुभाष्याचा नियमच तसा. अर्जदार म्हणाला, 'मी पळालो', की दुभाष्यानेही म्हणायचे, 'मी पळालो'. 'हा म्हणतो की तो पळाला' असे चालत नाही. खोलीत जे जे बोलले जाईल ते सगळे इकडून तिकडे गेले पाहिजे, पदरचा शब्द घालायचा नाही आणि कोणाचा गाळायचा नाही. स्वतःसाठी काही मागायचेच झाले, तर हात वर करून सांगायचे, 'दुभाष्याला पाणी हवे आहे.' जणू दुभाषा म्हणून कोणी तिसराच शेजारी बसला आहे आणि आपण त्याचा निरोप पोचवतो आहोत. इतक्या वर्षांत हिशेबनिसांनी त्या खोलीत काय काय सांगितले होते. मी माझे घर जळताना पाहिले. माझ्या भावाला नेले. मी मेंढरे तिथेच सोडली. त्यातला एकही 'मी' त्यांचा नव्हता.

सुनावणी संपली, की अर्जदार जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत दुभाष्याने आतच थांबायचे, हाही नियम. दोघांत ओळख वाढू नये, कोणाचे हितसंबंध कोणात गुंतू नयेत, म्हणून. हिशेबनीस रिकाम्या खोलीत बसून जिन्यावरची पावले ऐकत. आपल्या बोलीचा माणूस एकेक पायरी उतरून निघून जातो आहे, हे त्यांना खुर्चीत बसून कळायचे. मग तेही उठत आणि दुकानात परत येत.

स्वतः ते या सगळ्या शब्दांतून पार झालेले होते. आधी आश्रयार्थी, मग निर्वासित, मग कायम रहिवासी आणि शेवटी नागरिक. बायको म्हणायची, "चार वेळा जन्म झाला तुमचा, पण बाळसं काही धरलं नाहीत."

त्या वर्षी एक म्हातारा हाडवैद्य आला. अंगाने काटकुळा, पण हात असे, की दुसऱ्याच कोणाचे आणून जोडल्यासारखे. समोर अधिकारी बाई बसल्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, शांत स्वभावाच्या. बाजूला म्हाताऱ्याला नेमून दिलेली वकीलबाई होती. मधल्या खुर्चीत हिशेबनीस.

"तिकडच्या भांडणात तुम्ही कोणाच्या बाजूचे होता?" अधिकारी बाईंनी विचारले.

"मोडलेल्या हाडाच्या," म्हातारा म्हणाला.

"मी मोडलेल्या हाडाच्या बाजूचा होतो," हिशेबनिसांनी सांगितले.

म्हाताऱ्याची हकीकत लांबलचक नव्हती. बंडवाल्यांनी एक पोरगा आणून ओसरीवर टाकला, त्याचा पाय त्याने बसवला. पुढे एका सरकारी शिपायाचे मनगट बसवले. मनगट बरे झाल्यावर तोच शिपाई बाकीच्यांना त्याचे घर दाखवायला आला. घर गेले. म्हातारा मागच्या बाजूने निसटला.

"तुमचं राजकीय मत काय?"

"मला कसलं मत? मला गुडघे आणि कोपरं कळतात."

बाईंनी ते लिहून घेतले. हे उत्तर म्हाताऱ्याच्या अंगाशी येणार, हे हिशेबनिसांना दिसत होते. भीती आहे एवढ्याने कोणी कायद्याच्या लेखी निर्वासित ठरत नाही. छळाला कारण लागते. वंश, धर्म, मत, असे काहीतरी, ज्याच्यासाठी तुमच्यावर डूख धरला जातो. मत नसलेल्या माणसाच्याही कामाला येईल असा एक शब्द कायद्यात होता आणि तो हिशेबनिसांना ठाऊक होता. पण दुभाष्याने पदरचा शब्द घालायचा नसतो.

पुढची तारीख पडली. उठता उठता म्हातारा हिशेबनिसांकडे पाहून म्हणाला, "खांदा धरलाय तुझा."

बाई थांबल्या. बोलले गेले ते पोचवणे भाग होते. "तुझा खांदा धरला आहे," हिशेबनीस म्हणाले आणि त्यांनी चांगला हात वर केला. "हे दुभाष्याला उद्देशून आहे."

"दुभाष्याने औषध घ्यावं," बाई कागद आवरत म्हणाल्या.

रविवारी दुपारी हिशेबनीस कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या यंत्रांच्या दुकानात जात. घरचे यंत्र चांगले चालू होते. पण एका माणसाचे कपडे त्यात एका कोपऱ्यात पडून राहत, ते त्यांना पाहवत नसे. इथे निदान यंत्रांची घरघर असायची, अनोळखी का होईना माणसे बाकावर बसलेली असायची. त्या रविवारी बाकावर म्हातारा होता. पुढ्यातल्या काचेआड त्याचे एकुलते घोंगडे फिरत होते आणि तो त्याला बोलीत झापत होता. "अरे, फिरतोस किती लेका. जरा धू की."

हिशेबनिसांनी खरे तर तिथूनच मागे फिरायला हवे होते. पण त्यांना हसू फुटले, आणि हसले म्हणजे बोली कळते, हे उघड झाले. म्हाताऱ्याने वळून पाहिले.

"तूच होय, त्या खोलीतला? तिथं तर माझ्याकडे बघतही नव्हतास."

"दादा, मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही."

"मग हे काय चाललंय?"

हिशेबनीस बाकावर बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले, तेवढाच नियमाचा मान. पुढच्या रविवारी ती जागा अर्धी झाली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तिथे चहाचे दोन पेले आले.

म्हाताऱ्याला शब्द हवे होते. वकीलबाई त्याच्याशी तिकडच्या बाजारात चालणाऱ्या भाषेत बोलायची, त्यातले निम्मे त्याच्या डोक्यावरून जायचे. "मी कोण आहे ते तरी सांग," तो म्हणाला. "कोणी आश्रयार्थी म्हणतं, कोणी निर्वासित म्हणतं. परवा निवाऱ्यातला खाटांचा हिशेब ठेवणारा मला स्थलांतरित म्हणाला."

"स्थलांतरित म्हणजे जो आपखुशीनं मुक्काम हलवतो, कामासाठी, पोटासाठी. तुम्ही आश्रयार्थी. दार वाजवलंय, अजून उघडलेलं नाही."

"आणि उघडलं की?"

"निर्वासित."

म्हाताऱ्याने घोंगड्याकडे पाहिले. "मग घर सोडलं त्या दिवशी मी कोण होतो?"

"कायदा म्हणतो, त्या दिवसापासूनच तुम्ही निर्वासित. कचेरी तुम्हाला निर्वासित करत नाही, जे आहे ते मान्य करते, एवढंच."

"हे बरं आहे. हाड मोडलेलं असतंच, वैद्यानं फक्त हात लावून सांगायचं."

भीतीचेही त्यांनी असेच समजावले. भीती दोन्हीकडे असावी लागते, पोटात, आणि बाहेर खऱ्या धोक्यातही. नुसती पोटातली असली तर कचेरी म्हणते हा भित्रा आहे, नुसती बाहेरची असली तर म्हणते याला कुठे भीती वाटते. शेवटी तो शब्दही त्यांच्या तोंडून निघून गेला. "दादा, तुम्हाला मत नसेना का. तुम्हाला मत आहे असं त्यांना वाटलं आणि त्यावरून ते तुमच्या जिवावर उठले, तरी कायद्याला पुरे. त्याला लादलेलं राजकीय मत म्हणतात."

म्हाताऱ्याने चहाचा घोट गिळला. "म्हणजे टोपी माझी नव्हती, पण त्यांनी माझ्या डोक्यावर घातली आणि मग टोपीला धोंडे मारले."

"अगदी तसंच," हिशेबनीस म्हणाले, आणि त्या दिवशी घरी जाताना कपड्यांची पिशवी त्यांना हलकी वाटली.

खांदा मात्र त्यांनी धरू दिला नाही. म्हातारा दोनदा हात पुढे करून बसला. "बैस इकडं पाठ करून. दोन बोटांचं काम आहे."

"नको दादा. अर्जदाराकडून भेटवस्तू घ्यायची नाही, सेवा घ्यायची नाही."

"चहा चालतो?"

"चहा मी पाजतोय."

"धन्य आहे. उपाशी राहीन, पण नियमानं राहीन," म्हातारा म्हणाला आणि त्याने हात खिशात घातले.

दुसऱ्या तारखेला म्हातारा दाढी करून आला होता. कचेरीत जायचे म्हणून माणूस धुतलेला सदरा घालतो, तसे त्याने धुतलेले शब्द घातले होते. अधिकारी बाईंनी मागच्याच प्रश्नाला हात घातला. मत नव्हते तर छळ कशासाठी?

म्हातारा ताठ बसला. हिशेबनिसांकडे त्याने चोरटा, अभिमानाचा एक कटाक्ष टाकला आणि स्पष्ट उच्चारात म्हणाला, "माझ्यावर राजकीय मत लादण्यात आलं."

हिशेबनिसांनी डोळे मिटले आणि उघडले. टोपी कुठे गेली, त्यांच्या मनात आले. पण जे बोलले गेले ते सांगणे भाग होते, आणि ते त्यांनी सांगितले. वकीलबाईने मान खाली घातली. अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे शब्द तुमचे आहेत?"

"माझेच," म्हातारा म्हणाला.

"माझेच," हिशेबनीस म्हणाले.

"कोणी शिकवले का? खरं सांगितलंत तर बरं होईल."

म्हाताऱ्याने या खेपेस त्यांच्याकडे पाहिले नाही. तो भिंतीकडे बघत होता. आपल्या माणसाला सांभाळताना माणूस असाच बघतो. "कोणी नाही," तो म्हणाला. "मला इथं कोणी भेटत नाही."

"कोणी नाही," हिशेबनिसांनी सांगितले. "मला इथं कोणी भेटत नाही."

बाई लिहू लागल्या. काय लिहीत होत्या, हे या खोलीत वर्षे काढलेल्या माणसाला वाचून पाहायची गरज नव्हती. पढवलेला अर्जदार. एक गोष्ट खोटी निघाली, की बाकीच्या खऱ्या गोष्टींनाही तिचा वास लागतो. मग मोडलेला पाय खोटा, शिपायाचे मनगट खोटे, घरही खोटे. आणि अर्ज फेटाळला, की त्याच शिपायांच्या मुलखात परत रवानगी.

गप्प बसले तर रविवार टिकणार होता, म्हातारा जाईपर्यंत तरी. बोलले तर कचेरीच्या यादीतून नाव जाणार, म्हणजे बोलीही गेलीच. हिशेबनिसांनी हात वर केला. घाईत डावाच वर केला. कळ दातांपर्यंत गेली. हात कानाशी अडकला, पण बाईंना दिसला.

"दुभाष्याला काही सांगायचे आहे."

"पाणी?"

"नाही. दुभाषा अर्जदाराला रविवारी भेटत होता. अर्जदाराने त्याला शोधले नाही. दुभाषा आपणहून शेजारी बसला. ते शब्द दुभाष्याने सांगितले. हकीकतीतले काहीही त्याने सांगितलेले नाही, ती त्याने याच खोलीत पहिल्यांदा ऐकली. अर्जदार आता खोटे बोलला, ते दुभाष्याला वाचवण्यासाठी."

बाईंनी पेन खाली ठेवले. मग त्या म्हणाल्या, "हे अर्जदारालाही सांगा."

ते भागच होते. हिशेबनीस म्हाताऱ्याकडे वळले आणि बोलीत म्हणाले, "दुभाष्यानं कबूल केलंय, की शब्द त्यानं शिकवले."

"कोण दुभाषा?"

"मी."

"मूर्खा," म्हातारा हळूच म्हणाला.

हिशेबनीस पुन्हा बाईंकडे वळले. "मूर्खा," त्यांनी सांगितले. "हे दुभाष्याला उद्देशून आहे."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काही हलल्यासारखे झाले. त्यांनी सुनावणी तिथेच थांबवली. त्या दिवशी पहिल्यांदा दुभाषा आधी जिना उतरला आणि अर्जदार आत थांबला.

यादीतून नाव काढल्याचे कचेरीने फोन करून, अदबीने कळवले. हिशेबनिसांनी गळ्यात घालायचे ओळखपत्र पाकिटात घालून पोचते केले. दुकानात कोणाच्या काही लक्षात आले नाही. एकदा गोदामवाला म्हणाला, "काका, सासरचे रुसले वाटतं." ते म्हणाले, "हो, रुसले."

यंत्रांच्या दुकानात म्हातारा परत आला नाही. पहिल्या रविवारी हिशेबनिसांनी दोन पेले चहा घेतला आणि दोन्ही स्वतःच प्यायले. दुसऱ्या रविवारी म्हाताऱ्याच्या निवाऱ्यात जाऊन चौकशी केली, तर दारावरच्या बाई म्हणाल्या, "त्यांना दुसऱ्या गावच्या निवाऱ्यात हलवलंय. तुम्ही त्यांचे कोण?" हिशेबनीस थोडे घुटमळले. आता ते दुभाषे नव्हते. नातेवाईक नव्हते, वकील नव्हते. कायद्यात अशा माणसाला तिऱ्हाईत म्हणतात, आणि तिऱ्हाईताला कोणी काही सांगत नाही. "ओळखीचा," ते म्हणाले. बाईंनी एवढ्यावर गावाचे नाव दिले नाही. त्यांचेही बरोबरच होते. तरी दुकानाचे नाव आणि नंबर त्यांनी लिहून घेतला, इतके केले.

त्यानंतर ते घरचेच यंत्र वापरू लागले. कपडे कोपऱ्यात पडून राहायचे. मुलीचा फोन यायचा, तेव्हा ते मुद्दाम बोलीत बोलत, ती इथल्या भाषेत म्हणायची, "बाबा, तुमचा आवाज बसलाय का?" आपण संध्याकाळपर्यंत कोणाशीच बोललेलो नसतो, हे तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता. म्हाताऱ्याचे काय झाले असेल हा विचार मात्र दिवसातून कितीतरी वेळा यायचा. बेरीज करता करता यायचा, आणि बेरीज चुकायची.

झाडांची पाने गळून पुन्हा आली. एका दुपारी दुकानातला फोन वाजला. गोदामवाल्याने तो कानाला लावला, कानापासून दूर धरला आणि म्हणाला, "काका, हे काय बोलतायत मला कळेना. तुमचंच असणार."

"मिळालं," पलीकडून म्हातारा बोलीत ओरडत होता. फोनमध्ये ओरडूनच बोलावे लागते, असे त्याला वाटत असावे. "आता मी कोण?"

हिशेबनीस स्टुलावर बसले. "काय लिहिलंय त्यावर? पूर्ण संरक्षण, की पूरक, म्हणजे निर्वासित न मानता नुसतं राहू देणारं?"

"वकीलबाई म्हणाली, निर्वासित. पुरता."

"मग आता तुम्ही निर्वासित, दादा."

"ते तर मी घर सोडल्यापासून होतो. तूच म्हणालास."

"हो. आता त्यांनाही मान्य आहे."

म्हाताऱ्याने मग सगळे सांगितले. पुन्हा सुनावणी झाली. दुभाषा नव्हता, त्याच्या जागी नुसता टेलिफोन होता, आणि त्यातला माणूस पलीकडच्या खोऱ्यातला, निम्मे शब्द वेगळे. बाई त्याच होत्या. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि म्हणाल्या, तुमच्या शब्दांत सांगा. "मग मी टोपीचं सांगितलं. बाईंनी बराच वेळ लिहिलं."

"टोपी चांगली होती," हिशेबनीस म्हणाले. "तेव्हाच सांगायची होती."

"तुझा मान ठेवायला गेलो." म्हातारा थांबला. "इथं गुरांच्या दवाखान्यात झाडलोट करतो. एका कुत्र्याचा पाय बसवला परवा. आपल्या बोलीचं कोणी नाही इथं. तुझ्याकडे?"

"कोणी नाही."

तारेतली खरखर तेवढी ऐकू येत होती. मग म्हातारा म्हणाला, "खांदा?"

"तसाच."

"कधीपासून धरलाय?"

तिकडून हा प्रश्न आला आणि उत्तर देणारा कोणी दुसरा नव्हता. "माझी बायको गेली, दादा," हिशेबनीस म्हणाले. "त्या थंडीपासून." ही गोष्ट त्यांनी बोलीत आजवर कोणाला सांगितलीच नव्हती. जिला सांगायची, तीच गेली होती.

"हं," म्हातारा म्हणाला. त्याने पुढे काही विचारले नाही. "आता मी तुझा अर्जदार नाही. सेवा चालेल?"

"चालेल."

"माझा हात काही तिथवर पोचत नाही. तुझं तुलाच करायला लागेल. भिंतीशी जा. तोंड भिंतीकडं. दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवर ठेव आणि वर चालव, मुंगी चढते तशी."

हिशेबनिसांनी फोन उजव्या कानाशी धरला आणि डावी बोटे भिंतीवर ठेवली. टायर टेकून टेकून भिंत काळी झाली होती. बोटे चढली. खांद्याच्या उंचीला कळ आली.

"दुखतंय."

"दुखणारच. तिथंच थांब. श्वास घे. आता अजून एक मुंगी." पलीकडे कोणीतरी फोनसाठी खोळंबले होते, त्याची कुरकुर ऐकू आली. "मला सोडावा लागतोय फोन. रोज कर. रविवारी विचारीन, कुठवर पोचलास ते." आणि फोन बंद झाला.

हिशेबनिसांनी फोन जागेवर ठेवला आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले. बोटे अजून थोडी चढली. गोदामवाला दाराशी येऊन उभा राहिला. "काका, काय झालं?"

"दुखतंय मला," हिशेबनीस म्हणाले. ते बोलीत म्हणाले, हे त्यांच्या लक्षात आले नाही. गोदामवाला क्षणभर थांबला, त्याने मान हलवली आणि तो टायर मोजायला गेला.

बोटे थांबली तिथे, कानाच्या जरा वर, हिशेबनिसांनी कानावरची पेन्सिल उजव्या हाताने काढून भिंतीवर एक आडवी रेघ मारली. रविवारी सांगायला.